एकच भाव : कपड्यांचा दुकानदार जॉन वॉनामेकर आणि अमेरिकेचे टपालखाते

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील शहरांत तयार कपड्यांच्या धंद्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ऐपतदार माणूस शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवून घेई, आणि तयार कपडे हे खलाशी, मजूर किंवा गावाकडून नुकतीच शहरात आलेली माणसे यांच्यासाठी असतात, असा सर्वसाधारण समज होता. दुकानातील मालावर किंमत लिहिलेली असलीच तर ती सांकेतिक अक्षरांत असे, म्हणजे विक्रेत्याला ती वाचता येई आणि गिऱ्हाइकाला येत नसे. समोरच्याचा पेहराव, बोलणे आणि निकड पाहून विक्रेता भाव सांगे, मग घासाघीस होई, आणि एकदा पैसे मोजले की अंगरखा तोकडा निघो वा शिवण उसवो, माल परत घेण्याचा प्रश्नच येत नसे. 1846 मध्ये इलायस हाउने शिवणयंत्राचे पेटंट घेतले, पाठोपाठ आयझॅक सिंगरची यंत्रे बाजारात आली आणि कपडे मोठ्या संख्येने व स्वस्तात तयार होऊ लागले, परंतु ते विकण्याची रीत जुनीच राहिली.

ही रीत मोडणाऱ्या दुकानदारांमध्ये ज्याचे नाव सर्वाधिक गाजले, तो फिलाडेल्फियाचा जॉन वॉनामेकर (1838–1922) वयाच्या पन्नाशीत अमेरिकेचा पोस्टमास्टर जनरल झाला. भारतात या हुद्द्याने टपालखात्याच्या एका विभागाचा प्रमुख अधिकारी ओळखला जातो. अमेरिकेत मात्र 1829 पासून 1971 पर्यंत पोस्टमास्टर जनरल हा थेट राष्ट्राध्यक्षाच्या मंत्रिमंडळातील सदस्य, म्हणजे टपालमंत्रीच असे. वॉनामेकरने दुकानात श्रीमंत आणि गरीब, शहाणा आणि भोळा या सर्वांना एकच भाव लावला, आणि मंत्री झाल्यावर टपालसेवेलाही तोच न्याय लावण्याचा प्रयत्न केला; मात्र त्याच टपालखात्यातील नोकऱ्या वाटताना त्याने पक्षाच्या माणसाला एक भाव आणि इतरांना दुसरा भाव लावला. त्याच्या राजकीय आयुष्यातील थोर काम आणि त्यातील पराभव, हे दोन्ही या विसंगतीपासून वेगळे काढता येत नाहीत.

वॉनामेकरचा जन्म 11 जुलै 1838 रोजी फिलाडेल्फियाच्या दक्षिण सीमेवरील, तेव्हा जवळजवळ खेडेच असलेल्या वस्तीत झाला. वडील आणि आजोबा विटा पाडण्याचा व्यवसाय करीत. शाळा लवकर सुटली, आणि कोवळ्या वयातच एका प्रकाशकाकडे निरोप पोहोचविणारा पोऱ्या म्हणून तो कामाला लागला. पुढे त्याने कपड्यांच्या दुकानांत उमेदवारी केली, त्यातील टॉवर हॉल हे शहरातील मोठे दुकान होते. याच वयात धर्माने त्याच्या आयुष्यात जे स्थान घेतले ते अखेरपर्यंत टिकले. 1857 मध्ये, विशीही न गाठलेला असताना, तो फिलाडेल्फियाच्या वायएमसीएचा, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा, पगारी चिटणीस झाला, आणि 1858 मध्ये त्याने शहराच्या एका दरिद्री भागात बेथनी नावाची रविवारची शाळा, म्हणजे मुलांना बायबल शिकविणारा साप्ताहिक वर्ग, सुरू केला. पुढे मंत्री असतानाही शनिवारी रात्री वॉशिंग्टनहून निघून रविवारी या वर्गाला हजर राहण्याचा त्याचा परिपाठ होता. त्याच्या टीकाकारांनी या धार्मिकतेची यथेच्छ टवाळी केली आणि व्यंगचित्रकारांनी त्याला ‘पवित्र जॉन’ म्हणून रंगविले, परंतु ती दिखाऊ होती असे मानण्यास त्याच्या आयुष्यात आधार सापडत नाही. लोकांना खटकले ते निराळेच होते आणि त्याचा विचार पुढे येईल.

एप्रिल 1861 मध्ये वॉनामेकरने आपला मेहुणा नेथन ब्राऊन याच्याबरोबर भागीदारीत मार्केट स्ट्रीट आणि सहावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर ‘ओक हॉल’ हे पुरुषांच्या व मुलांच्या कपड्यांचे दुकान उघडले, आणि त्यानंतर काही दिवसांतच फोर्ट समटरवर तोफा डागल्या जाऊन अमेरिकेतील यादवी युद्ध सुरू झाले. नव्या दुकानासाठी याहून वाईट मुहूर्त सापडणे कठीण होते. पहिल्या दिवसाची विक्री 24 डॉलर 67 सेंट झाली, त्यातील 24 डॉलर मालकाने वृत्तपत्रातील जाहिरातीवर खर्च केले आणि उरलेले 67 सेंट दुसऱ्या दिवशी सुट्टे द्यायला गल्ल्यात ठेवले, ही हकिकत त्याच्या चरित्रकारांनी पुन्हा पुन्हा सांगितली आहे. तिच्यात पुढच्या साठ वर्षांचा कारभार दिसतो : हातात आलेला पैसा मालाइतकाच लोकांच्या कानांवर जाण्यासाठी खर्च करायचा, हे त्याचे धोरण पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. युद्धामुळे गणवेशांची मागणी वाढली, त्या मागणीने दुकानाला तगविले, आणि युद्ध संपले तेव्हा ओक हॉल स्थिरावलेले होते.

दुकानाचे नियम थोडक्यात सांगता येतात. प्रत्येक वस्तूवर स्पष्ट अंकांत किंमत लिहिलेली असे, ती सर्वांना सारखी असे, आणि माल पसंत पडला नाही तर तो परत आणून रोख पैसे परत नेता येत. यातील कोणतीही कल्पना वॉनामेकरने शोधून काढलेली नव्हती. क्वेकर पंथाचे व्यापारी फार पूर्वीपासून एकच भाव सांगत, कारण मनात एक किंमत धरून तोंडाने दुसरी सांगणे हे त्यांच्या लेखी खोटे बोलणेच होते, आणि फिलाडेल्फिया हे तर क्वेकरांनीच वसविलेले शहर. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्ट आणि पॅरिसमध्ये ‘बॉन मार्शे’चा अरिस्तिद बूसिको हेही याच वाटेने गेले होते. वॉनामेकरचे कर्तृत्व असे, की त्याने हे नियम एकत्र बांधले, छापून जाहीर केले आणि मोठ्या खर्चाच्या जाहिरातींनी ते लोकांच्या मनावर ठसविले, म्हणजे स्वतःलाही त्यातून मागे फिरायची वाट ठेवली नाही. जो दुकानदार माल परत घेण्याचे लेखी वचन देतो त्याला खराब माल विकणे परवडत नाही, हे त्यामागचे व्यवहारी गणित होते; आणि जे नीतीला धरून आहे तेच नफ्याचेही आहे, अशी त्याची मनोमन खात्री होती.

1876 हे वर्ष अमेरिकी स्वातंत्र्याच्या शताब्दीचे होते आणि त्या निमित्ताने फिलाडेल्फियात भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याआधीच वॉनामेकरने पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे तेराव्या रस्त्यावरील मालधक्क्याचे जुने आवार विकत घेतले होते. ते हाती येताच त्याने तेथे दुकान थाटण्याऐवजी आधी धर्मोपदेशक ड्वाइट मूडी आणि गायक आयरा सँकी यांच्या सभांसाठी ती जागा दिली, आणि त्या सभांना लोटलेल्या गर्दीने शहरातल्या प्रत्येकाला ती जागा ठाऊक झाली. मे 1876 मध्ये, प्रदर्शन सुरू होण्याच्या तोंडावर, तेथे ‘ग्रँड डेपो’ उघडला. सुरुवातीला तेथे पुरुषांचे व मुलांचे कपडेच मिळत. पुढच्या वर्षी स्त्रियांची वस्त्रे, रेशीम, तागाचे कापड, पादत्राणे अशी खाती वाढली आणि रेल्वेच्या त्या लांबरुंद छताखाली मध्यभागी गोलाकार विक्रीमेज व त्याभोवती वर्तुळावर वर्तुळे अशी मांडणी झाली. एकाच छताखाली अनेक खात्यांची दुकाने चालविणाऱ्या अशा संस्थेला डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात, आणि अमेरिकेतील त्या प्रकारच्या आरंभीच्या दुकानांत ग्रँड डेपोची गणना होते. 1878 मध्ये तेथे विजेचे दिवे लागले. 1880 मध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळ्या बसविण्यात आल्या : विक्रेता पैसे आणि पावती एका लहान पंचपात्रीसारख्या डबीत घाली, डबी नळीत टाकी, दाबाखालील हवा ती इमारतीतून वाहून मध्यवर्ती रोखपालाकडे नेई आणि सुट्टे पैसे त्याच वाटेने परत येत.

जाहिरातीच्या बाबतीतही तो असेच नवे करून पाही. 1880 मध्ये वॉनामेकरने जॉन पॉवर्स या मजकूर-लेखकाला नोकरीस ठेवले. पॉवर्सचा आग्रह असा, की जाहिरातीत मालाचा दोषही लिहावा. गळपट्ट्यांचा एक साठा विकायचा असताना त्याने छापले, की हे गळपट्टे दिसतात तितके चांगले नाहीत, पण 25 सेंटला पुरेसे चांगले आहेत. आणि तो साठा हातोहात संपला. अशा जाहिरातीने मालक अस्वस्थ होई, पॉवर्सशी त्याचे खटकेही उडत आणि त्याला एकदा काढून पुन्हा बोलावण्यातही आले, परंतु खरे बोलण्याला बाजारात मोल आहे हे वॉनामेकरने तेथे डोळ्यांनी पाहिले.

या दुकानदाराने राजकारणात पाऊल टाकले ते पैशाच्या वाटेने. 1888 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने बेंजामिन हॅरिसन याला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली आणि पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद पेनसिल्व्हेनियाचा सेनेटर मॅथ्यू क्वे याच्याकडे आले. क्वे हा त्या काळातील नामांकित ‘बॉस’ होता. अमेरिकी राजकारणात बॉस म्हणजे पक्षयंत्रणेचा असा धनी, की स्वतः कोणत्या पदावर आहे यापेक्षा किती पदे त्याच्या हातून वाटली जातात यावर ज्याचे बळ ठरते. निवडणुकीचा निधी उभारण्यासाठी व्यापाऱ्यांची एक समिती नेमण्यात आली, वॉनामेकर तिचा प्रमुख झाला, आणि तिने 2 लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमविली. त्या काळच्या मानाने ती प्रचंड होती. हॅरिसनला देशभरात प्रतिस्पर्धी ग्रोव्हर क्लीव्हलँडपेक्षा कमी मते पडली, परंतु राष्ट्राध्यक्ष निवडणारी मते राज्यवार मोजली जात असल्यामुळे तो 233 विरुद्ध 168 अशा फरकाने निवडून आला. मार्च 1889 मध्ये वॉनामेकर टपालमंत्री झाला. मंत्रिपद पैशाने विकत घेतले, असा आरोप त्याच दिवसापासून सुरू झाला. हॅरिसनच्या पत्नीला वॉनामेकर व त्याच्या काही मित्रांनी केप मे येथील समुद्रकाठचे घर भेट म्हणून दिले, तेव्हा या आरोपाला आणखी धार आली. टीका वाढल्यावर हॅरिसनने त्या घराचे 10 हजार डॉलर मोजले. ज्याच्या दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे, त्याच्या राजकारणातील देवाणघेवाणीची किंमत कोठेच लिहिलेली नव्हती, आणि लोकांना खटकले ते हेच.

त्या वेळच्या टपालखात्याचे स्वरूप समजल्याशिवाय पुढच्या वादाचा अर्थ लागणार नाही. देशात सुमारे 59 हजार टपाल कचेऱ्या होत्या आणि त्यांतील बहुसंख्य चौथ्या वर्गाच्या होत्या. चौथ्या वर्गाचा पोस्टमास्तर म्हणजे खेड्यातील किंवा लहान गावातील असा माणूस, की ज्याचे टपालाचे उत्पन्न वर्षाला 1 हजार डॉलरांपेक्षा कमी असे, आणि जो बहुधा गावातील किराणा दुकानाचा मालक असून त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालाचे खण मांडून बसलेला असे. मोठ्या कचेऱ्यांचे पोस्टमास्तर राष्ट्राध्यक्ष नेमी, या लहानांची नेमणूक टपालमंत्र्याच्या हातात असे. सत्ता बदलली की ही माणसे बदलायची आणि आपल्या पक्षाच्या कार्यकर्त्यांना बसवायचे, ही जुनी रीत होती. जिंकलेल्याने लूट वाटून घ्यावी तशी ही पदे वाटली जात, म्हणून तिला लूटपद्धती म्हणत. 1881 मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड याच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यात गारफिल्डचा मृत्यू झाला, त्यानंतर 1883 च्या पेंडल्टन कायद्याने काही सरकारी नोकऱ्या परीक्षेने भरण्याची पद्धत आली. मात्र चौथ्या वर्गाचे पोस्टमास्तर त्या कायद्याच्या बाहेरच राहिले होते.

वॉनामेकरच्या हाताखालचा पहिला साहाय्यक म्हणून जेम्स क्लार्कसन या आयोवातील पक्षनेत्याची नेमणूक झाली, आणि क्लार्कसनने अल्पावधीत चौथ्या वर्गाचे सुमारे 30 हजार पोस्टमास्तर बदलले. यात बेकायदा असे काही नव्हते, आणि आधीच्या डेमोक्रॅटिक सरकारनेही तेच केले होते. तरीही ज्या माणसाने आपल्या दुकानातील नोकराला वशिल्यापेक्षा कामावरून जोखण्याचा लौकिक मिळविला होता, त्याच्याकडून लोकांनी वेगळी अपेक्षा केली होती, आणि ती अपेक्षा रास्त होती. हा प्रश्न अखेर त्याच्याच पक्षातील एका तरुण माणसाने ऐरणीवर आणला. हॅरिसनने नेमलेला मुलकी सेवा आयुक्त थिओडोर रूझवेल्ट 1891 च्या वसंतात बाल्टिमोरला पक्षांतर्गत निवडणुकीच्या दिवशी स्वतः जाऊन उभा राहिला, आणि तेथील टपाल कचेरीतले नोकर कायदा धाब्यावर बसवून पक्षासाठी वर्गणी गोळा करीत आहेत व मतदानात ढवळाढवळ करीत आहेत, असा अहवाल त्याने दिला. 25 जणांना बडतर्फ करावे, अशी त्याची शिफारस होती. वॉनामेकरने ती मानली नाही. त्याने आपल्या निरीक्षकांकरवी वेगळी चौकशी केली आणि नोकरांना सांभाळून घेतले. 1892 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने हे प्रकरण तपासले तेव्हा तिचा निष्कर्ष टपालमंत्र्याला प्रतिकूल गेला. या वादात रूझवेल्टची बाजू न्यायाची होती, हे नाकारण्याचे कारण नाही. दुकानातील विक्रेत्याने गिऱ्हाइकाला फसविले असते तर वॉनामेकरने त्याला संध्याकाळपर्यंतही ठेवले नसते.

याच चार वर्षांत, याच माणसाने टपालखात्याकडे ज्या नजरेने पाहिले तशी नजर त्याच्या आधीच्या मंत्र्यांमध्ये क्वचितच आढळते. 1863 पासून शहरांत पत्रे घरपोच मिळत आणि 1887 च्या कायद्याने ही सोय 10 हजार वस्तीच्या गावांपर्यंत पोहोचली होती. परंतु 1890 च्या जनगणनेनुसार सुमारे 65 टक्के अमेरिकी लोक ग्रामीण भागात राहत, आणि त्यांपैकी शेतात वस्ती करून असलेल्या कुटुंबाला आपले पत्र आले आहे की नाही हे पाहण्यासाठी घोडागाडी जुंपून काही मैलांवरच्या दुकानात जावे लागे. चिखलाच्या दिवसांत तीन-चार आठवडे ही फेरी होत नसे. वर्तमानपत्र शिळे होऊन हातात पडे, बाजारभावाची खबर माल विकून झाल्यावर कळे, आणि आजारी नातेवाइकाचे पत्र कधी कधी त्याच्या मृत्यूनंतर वाचले जाई. शेतकरी तिकिटासाठी 2 सेंट मोजत असे आणि फिलाडेल्फियाचा धनिकही तेवढेच मोजत असे. एकाला पत्र दारात मिळे आणि दुसऱ्याला त्यासाठी दिवस मोडावा लागे. एकच भाव घेऊन दोघांना दोन प्रकारचा माल देणे दुकानदाराच्या हिशेबात बसणारे नव्हते, आणि वॉनामेकरच्या वार्षिक अहवालांतील ग्रामीण घरपोच टपालाच्या आग्रहामागे हा हिशेब स्पष्ट दिसतो.

काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, 1890 मध्ये या प्रयोगासाठी अवघे 10 हजार डॉलर मंजूर केले. त्यातून 46 लहान गावांत घरपोच टपाल सुरू करून पाहण्यात आले आणि खर्चाच्या मानाने उत्पन्न वाढते, असे वॉनामेकरने आकडे देऊन मांडले. ‘ग्रेंज’ या शेतकरी संघटनेने त्याची मागणी उचलून धरली. विरोध झाला तो खर्चाच्या नावाखाली, पण त्याच्या पोटात दुसरे काही होते. चौथ्या वर्गाचा पोस्टमास्तर हा गावचा दुकानदार होता. टपाल घ्यायला आलेला शेतकरी जाताना साखर, रॉकेल, खिळे घेऊन जाई. टपाल घरी जाऊ लागले तर शेतकरी दुकानात येणार कशाला, ही त्याची भीती होती. म्हणजे ज्यांना वॉनामेकरच्या खात्याने पक्षनिष्ठेचे बक्षीस म्हणून नेमले होते, तीच माणसे त्याच्या सर्वांत मोठ्या सुधारणेच्या आड उभी राहिली.

पार्सलांची गोष्ट याहून विलक्षण होती. अमेरिकेच्या टपालातून देशांतर्गत 4 पौंडांपेक्षा जड वस्तू पाठविता येत नसे. काही परदेशांशी झालेल्या करारांमुळे मात्र 11 पौंडांचे पार्सल तेथे पाठविता येई, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या नागरिकाला समुद्रापलीकडे जे धाडता येत होते ते शेजारच्या गावी धाडता येत नव्हते. जड सामान नेण्याचे काम एक्सप्रेस कंपन्या करीत. या कंपन्या रेल्वेशी करार करून पार्सले वाहून नेणाऱ्या खासगी संस्था होत्या. अॅडम्स, अमेरिकन, युनायटेड स्टेट्स आणि वेल्स फार्गो या त्यांतील प्रमुख, आणि दर ठरविण्यात त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. पार्सल-टपाल का येत नाही याचे कारण वॉनामेकर याच चार कंपन्यांची नावे घेऊन सांगत असे. त्यातही बोलके असे, की युनायटेड स्टेट्स एक्सप्रेस कंपनीचा अध्यक्ष टॉमस प्लॅट हा न्यूयॉर्कमधील रिपब्लिकन पक्षाचा बॉस होता, आणि पुढे तो सेनेटरही झाला. ब्रिटनमध्ये 1883 पासून पार्सल-टपाल होते. टपाल कचेरीतील बचत बँकेची सोय ब्रिटनमध्ये 1861 पासून आणि भारतात 1882 पासून होती. रत्नागिरीचा एखादा कारकून टपालात आपली शिल्लक ठेवू शकत होता त्या काळात ओहायोतील मजुराला ती सोय नव्हती. बचत बँकेला बँकवाल्यांनी, सरकारी तारयंत्रणेच्या प्रस्तावाला वेस्टर्न युनियन कंपनीने आणि पार्सलांना एक्सप्रेस कंपन्यांनी विरोध केला, आणि वॉनामेकरच्या मंत्रिपदाच्या चार वर्षांत यातील एकही गोष्ट कायद्यात उतरली नाही.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही, कारण तो त्या काळीही विचारला गेला. पार्सल-टपाल आणि ग्रामीण घरपोच टपाल आले तर शहरातील मोठ्या दुकानांना खेड्यातील गिऱ्हाईक थेट मिळणार होते, आणि टपालमंत्री स्वतः देशातील अशा एका मोठ्या दुकानाचा मालक होता. मंत्रिपदावर असताना त्याने धंदा विकला नव्हता. आजच्या निकषांवर हा हितसंबंधांचा उघड संघर्ष ठरेल. तथापि ज्या सुधारणेची गरज शेतकऱ्यांच्या संघटना मांडत होत्या, जी इतर देशांत रुळलेली होती आणि जिचा लाभ कोट्यवधी लोकांना होणार होता, ती केवळ मंत्र्यालाही फायद्याची आहे म्हणून वाईट ठरत नाही. वॉनामेकरने निदान आपला स्वार्थ आणि सार्वजनिक हित एका दिशेने नेले. प्लॅटचा स्वार्थ सार्वजनिक हिताच्या आड उभा होता.

जे काँग्रेसच्या मंजुरीवाचून करता येत होते, ते त्याने झपाट्याने केले. जहाजे बंदराला लागण्याआधीच समुद्रावर पत्रांची छाननी करणाऱ्या टपाल कचेऱ्या सुरू झाल्या. लॉटरीच्या बाबतीत मात्र काँग्रेसनेही साथ दिली : टपालातून चालणाऱ्या लॉटरीविरुद्ध 1890 मध्ये कायदा झाला आणि लुइझियानाच्या बलाढ्य लॉटरी कंपनीचा कणा मोडला. त्याच वर्षी टॉलस्टॉयच्या ‘क्रॉइट्झर सोनाटा’ या कादंबरिकेला टपालखात्याने बंदी केली. नीतीची चाड असलेला दुकानदार लोकांनी काय वाचावे हेही ठरवू पाहतो तेव्हा काय होते, याचा हा नमुना म्हणावा लागेल. पदाच्या अखेरच्या दिवसांत, 1893 मध्ये, फिलाडेल्फियात टपाल वाहून नेणारी भूमिगत वायुनळी सुरू झाली, आणि दुकानात तेरा वर्षांपूर्वी सुट्टे पैसे नेणारी युक्ती शहराच्या रस्त्यांखालून पत्रे नेऊ लागली. कोलंबसाच्या प्रवासाच्या चारशेव्या वर्षानिमित्त भरणाऱ्या शिकागो प्रदर्शनासाठी 1 सेंटपासून 5 डॉलरपर्यंतची 16 तिकिटे काढण्यात आली. कोलंबियन मालिका म्हणून ओळखली जाणारी ही अमेरिकेची पहिली स्मारक-तिकिटे होत. 5 डॉलरच्या तिकिटाला व्यवहारात जवळजवळ काहीच उपयोग नव्हता, म्हणून सेनेटमध्ये त्याच्यावर कडाडून टीका झाली. वॉनामेकरचा विचार असा, की संग्राहक ही तिकिटे विकत घेतील, जपून ठेवतील, आणि न वापरलेल्या प्रत्येक तिकिटामागे खात्याला सेवा न देताच पैसे मिळतील. जगभरच्या टपालखात्यांनी पुढे हाच मार्ग धरला.

मंत्रिपद संपल्यावर वॉनामेकर क्वेच्या यंत्रणेविरुद्ध उभा राहिला. तेव्हा सेनेटर लोकांच्या मतांनी निवडले जात नसत, राज्याचे विधिमंडळ त्यांना निवडी. थेट निवडणूक 1913 च्या घटनादुरुस्तीने आली. 1896–97 मध्ये व्यापाऱ्यांच्या एका आघाडीच्या पाठिंब्यावर वॉनामेकरने सेनेटसाठी प्रयत्न केला, परंतु विधिमंडळाने क्वेचा माणूस बॉइस पेनरोज याला निवडले. 1898 मध्ये गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळविण्याचा प्रयत्नही फसला आणि ती विल्यम स्टोनकडे गेली. त्या वर्षी वॉनामेकरने राज्यभर फिरून बॉसशाहीविरुद्ध भाषणे केली. सरकारी तिजोरीतील पैसा कोणत्या बँकांत ठेवला जातो, त्याचे व्याज कोठे जाते, वेतनपटावर किती नावे काम न करणाऱ्यांची आहेत, असा त्या भाषणांचा मजकूर असे. अलंकार कमी, आकडे जास्त. जमाखर्चाच्या वह्या वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ती भाषणे होती आणि त्याच्या राजकीय आयुष्यातील सर्वांत प्रामाणिक काम म्हणून त्यांकडे बोट दाखविता येते. सुधारणावादी आमदारांनी अडून बसून क्वेची फेरनिवड रोखली, ती जागा बराच काळ रिकामी राहिली, गव्हर्नरने केलेली त्याची नेमणूक सेनेटने 1900 मध्ये एका मताने फेटाळली. तरीही 1901 मध्ये क्वे परत निवडून आला.

हा पराभव निव्वळ यंत्रणेच्या ताकदीने झाला, असे म्हणून भागत नाही. 1888 मध्ये क्वेच्या हाती दिलेला निधी कसा खर्च झाला, हे वॉनामेकरने तेव्हा विचारले नव्हते, आणि 30 हजार पोस्टमास्तर बदलले गेले तेव्हा त्या नेमणुकांच्या याद्यांमध्ये क्वेची माणसेही होती. दहा वर्षांनी तो त्याच बॉसविरुद्ध बोलू लागला तेव्हा विरोधकांनी त्याला हेच ऐकविले, आणि त्याच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते.

धंद्यात मात्र त्याची घोडदौड थांबली नाही. 1896 मध्ये त्याने न्यूयॉर्कमधील ए. टी. स्टुअर्टचे नामांकित दुकान घेतले, म्हणजे एकाच भावाच्या वाटेने जो त्याच्या आधी गेला होता, त्याच्याच गादीवर तो बसला. फिलाडेल्फियात वास्तुशिल्पी डॅनियल बर्नहॅमने बांधलेल्या नव्या इमारतीचे 30 डिसेंबर 1911 रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट याच्या हस्ते लोकार्पण झाले. भारताशी त्याचा संबंध वायएमसीएमुळे आला : मद्रासमधील या संघटनेची लाल दगडी इमारत त्याच्या देणगीतून उभी राहिली.

त्याने मागितलेल्या सुधारणा एकामागून एक आल्या, पण त्या इतरांच्या हातून. त्याच्यानंतरचा डेमोक्रॅटिक टपालमंत्री विल्सन बिसेल याने ग्रामीण टपालासाठी मंजूर झालेला पैसाही वापरायला नकार दिला. 1896 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील तीन ठिकाणी प्रयोग सुरू झाला आणि 1902 मध्ये ती सेवा कायमची झाली. बचत बँक 1911 मध्ये उघडली. पार्सल-टपाल 1 जानेवारी 1913 रोजी, वॉनामेकर 74 वर्षांचा असताना सुरू झाले, आणि पहिल्या सहा महिन्यांत सुमारे 30 कोटी पार्सले टपालातून गेली. खेड्यातील दुकानदारांची भीती पूर्णपणे निराधार नव्हती; सिअर्स-रोबक आणि माँटगोमेरी वॉर्ड यांसारख्या, सूचीपत्रावरून मागणी घेऊन टपालाने माल पाठविणाऱ्या कंपन्यांनी त्यांचे बरेच गिऱ्हाईक ओढून नेले, आणि चौथ्या वर्गाच्या हजारो टपाल कचेऱ्या बंद झाल्या. एक्सप्रेस कंपन्यांनी तीस वर्षे हे पार्सल अडवून धरले होते. त्यांतील, प्लॅटने दीर्घकाळ चालविलेल्या युनायटेड स्टेट्स एक्सप्रेस कंपनीने 1914 मध्ये गाशा गुंडाळला.